ए. के. हंगल : पडद्यावरचे सोशिक वडील, आयुष्यातले बंडखोर

रामगढ गावात एक घोडा परत येतो. त्याच्या पाठीवर एका तरुणाचा मृतदेह आहे. गावकरी भोवती जमतात, पण कुणाच्याही तोंडून शब्द फुटत नाही. एवढ्यात काठी टेकत आलेला अंध इमाम विचारतो की, आज एवढी शांतता का आहे? त्याला उत्तर देण्यास कुणी धजावत नाही, कारण तो मृतदेह त्याच्याच मुलाचा आहे.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. इमामाचा तो प्रश्न आज देशभर थट्टेने वापरला जातो. कार्यालयात, वर्गात किंवा मित्रांच्या बैठकीत क्षणभर कुणी बोलले नाही की, कुणीतरी हंगल यांच्या कापऱ्या आवाजाची नक्कल करते. अशी नक्कल करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते की, तो प्रश्न विचारणाऱ्या नटाने शिवणकाम करून पोट भरले होते, राजकीय कार्यासाठी कराचीत तुरुंगवास भोगला होता आणि वयाच्या पन्नाशीच्या आसपास प्रथमच चित्रपटाच्या कॅमेऱ्यासमोर पाऊल ठेवले होते.

अवतार किशन हंगल यांनी सुमारे चार दशके हिंदी चित्रपटांत काम केले. त्यांच्या चित्रपटांची संख्या दोनशेहून अधिक आहे. त्यांपैकी बहुतेक चित्रपटांत त्यांच्या वाट्याला मोजके प्रसंग आले. तरीही भारतीय प्रेक्षकाच्या मनात प्रामाणिक, गरीब आणि परिस्थितीपुढे हतबल झालेल्या वडिलांची जी प्रतिमा आहे, तिला पुष्कळदा त्यांचाच चेहरा असतो. प्रत्यक्षातले हंगल या प्रतिमेहून फार वेगळे होते, आणि त्यांच्या अभिनयाचे बळ बऱ्याच अंशी या वेगळेपणातून आले होते.

चरित्र अभिनेता म्हणजे कोण?

नायक, नायिका आणि खलनायक यांच्याभोवती कथेचे जे जग उभे करावे लागते, ते चरित्र अभिनेते उभे करतात. वडील, आई, शिक्षक, डॉक्टर, पोलीस अधिकारी, वकील, मुनीम, शेजारी अशी ही माणसे असतात. नायकाची ओळख करून देण्यासाठी पटकथेला वेळ मिळतो. चरित्र अभिनेत्याला तशी सवलत नसते. तो पडद्यावर आला की, हा माणूस कोण, काय कमावतो, घरात त्याचे किती चालते, हे प्रेक्षकाला पहिल्या दोन वाक्यांत समजावे लागते. म्हणूनच निर्माते आणि दिग्दर्शक एकदा यशस्वी ठरलेला साचा पुन्हा पुन्हा वापरतात. इफ्तेखार यांच्याकडे पोलीस अधिकाऱ्याचा गणवेश आला, तो कायमचाच. जगदीश राज यांनी तर शंभराहून अधिक चित्रपटांत पोलिसाचीच भूमिका केली. ललिता पवार यांच्याकडे कजाग सासू आली, तर निरूपा रॉय यांच्याकडे सोसणारी आई.

हंगल यांच्याकडे आला तो सज्जन वृद्ध. निवृत्त शिक्षक, कारकून, मुख्याध्यापक, गावचा काका, मुलीच्या लग्नाची काळजी वाहणारा बाप अशी त्याची नाना रूपे होती. एका दृष्टीने हा साचा इतर साच्यांपेक्षा अवघड होता. खलनायकाला आवाज चढवता येतो, विनोदी नटाला हातवारे करता येतात. सज्जन माणसाकडे नाट्याची अशी साधने नसतात. त्याचा सज्जनपणा थोडा जरी जास्त झाला, तरी तो खोटा वाटू लागतो आणि प्रेक्षक कंटाळतो. हंगल यांचा सज्जन माणूस मात्र शेजारच्या घरातला वाटत असे.

पेशावर, कराची आणि मुंबई

हंगल हे आडनाव वाचताना मराठी वाचकाला गायिका गंगूबाई हनगल आणि कर्नाटकातले हनगल गाव आठवणे स्वाभाविक आहे. परंतु ए. के. हंगल यांचा त्या प्रदेशाशी संबंध नव्हता. ते काश्मिरी पंडित कुटुंबातले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सियालकोट येथे त्यांचा जन्म झाला आणि त्यांचे बालपण पेशावर शहरात गेले.

ते पेशावर राजकीयदृष्ट्या धगधगते होते. खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगार चळवळीचा जोर वाढत होता. २३ एप्रिल १९३० रोजी किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर ब्रिटिश फौजेने गोळीबार केला. त्या वेळी चंद्रसिंग गढवाली यांच्या नेतृत्वाखालील गढवाल रायफल्सच्या जवानांनी गोळ्या झाडण्यास नकार दिला. अशा शहरात वाढलेला तरुण राजकारणापासून दूर राहणे कठीणच होते. हंगल यांनी सरकारी नोकरीची वाट सोडून शिवणकामाचा व्यवसाय पत्करला आणि ते स्वातंत्र्यलढ्याकडे ओढले गेले. १९३६ च्या सुमारास पेशावरमधील ‘श्री संगीत प्रिय मंडळ’ या नाट्यसंस्थेतून त्यांनी रंगभूमीवर पाऊल ठेवले. शिवणकाम, राजकारण आणि नाटक हे तीन धागे त्यानंतर दीर्घकाळ त्यांच्या आयुष्यात एकत्र राहिले.

पुढे कुटुंब कराचीला गेले. तेथे हंगल कम्युनिस्ट पक्षाच्या कामात आणि कामगारांच्या संघटनेत गुंतले. फाळणी झाली तेव्हा ते कराचीतच होते. नव्या राष्ट्राच्या सरकारला कम्युनिस्ट कार्यकर्ते नको होते आणि हंगल यांना तुरुंगात टाकण्यात आले. सुटका झाल्यानंतर १९४९ मध्ये ते पत्नी व मुलासह मुंबईत आले. जन्मगाव, बालपणाचे शहर आणि कर्मभूमी ही तिन्ही ठिकाणे आता सीमेपलीकडे राहिली होती.

मुंबईत पोटासाठी पुन्हा कात्री आणि सुई-दोरा हाती आला. मनासाठी भारतीय जननाट्य संघ, म्हणजेच ‘इप्टा’ होता. २५ मे १९४३ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेने नाटक, गाणे आणि नृत्य कामगार वस्त्यांपर्यंत नेले होते. मराठी शाहिरीतील अण्णाभाऊ साठे आणि अमरशेख ही नावे याच चळवळीशी जोडलेली आहेत. हंगल यांना येथे बलराज साहनी आणि कैफी आझमी यांच्यासारखे सहकारी मिळाले. मुंबईतील इप्टाचे काम मंदावले असताना पन्नाशीच्या दशकात ते पुन्हा उभे करणाऱ्यांमध्ये हंगल होते. ते अभिनय करीत आणि नाटके दिग्दर्शितही करीत.

त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘डमरू’ या नाटकाची एक आठवण चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. त्यात साठ वर्षांच्या माणसाची भूमिका त्यांनी विशीतल्या एका तरुणाला दिली. तो तरुण म्हणजे पुढे संजीव कुमार या नावाने प्रसिद्ध झालेले हरिहर जरीवाला. ‘शोले’मध्ये ठाकूर बलदेवसिंग यांची भूमिका करताना संजीव कुमार चाळिशीचेही नव्हते. त्या चित्रपटात इमाम आणि ठाकूर समोरासमोर येतात, तेव्हा प्रत्यक्षात इप्टाच्या तालमीतले दिग्दर्शक आणि नट एकमेकांसमोर उभे असतात.

उशिरा उघडलेले दार

हंगल यांनी चित्रपटात नशीब काढण्यासाठी मुंबई गाठली नव्हती. रंगभूमी हे त्यांच्या दृष्टीने राजकीय कार्याचेच एक अंग होते. पण इप्टाच्या वर्तुळातील अनेक लेखक, कवी आणि दिग्दर्शक चित्रपटांत काम करीत होते आणि त्यांच्यामार्फत हे दार उघडले. बासू भट्टाचार्य यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि कवी शैलेंद्र यांनी निर्मिलेल्या ‘तीसरी कसम’ (१९६६) या चित्रपटात त्यांनी राज कपूर यांच्या थोरल्या भावाची भूमिका केली. पाठोपाठ ‘शागिर्द’ (१९६७) आला.

या उशिराचा त्यांना एक लाभ झाला. पडद्यावर ते कधीच तरुण नव्हते. एकेकाळच्या नायकाला पुढे वडिलांच्या भूमिकेत पाहताना प्रेक्षकाच्या मनात त्याची जुनी छबी डोकावत राहते. हंगल यांच्या बाबतीत तशी अडचण नव्हती. त्यांनी आयुष्याची जी वर्षे कारखान्यांच्या दारांत, शिंप्याच्या दुकानात, तुरुंगात आणि तालमींत घालवली, ती त्यांच्या चेहऱ्यावर आधीच उमटलेली होती. मराठी प्रेक्षकाला येथे डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण आठवेल. वैद्यकीय व्यवसाय आणि रंगभूमी यांची शिदोरी घेऊन लागू चाळिशीनंतर ‘पिंजरा’तून (१९७२) चित्रपटात स्थिरावले. दोघांच्याही अभिनयात कॅमेऱ्याआधी जगलेल्या आयुष्याचे वजन होते.

काळही अनुकूल होता. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी हृषिकेश मुखर्जी, बासू चटर्जी आणि गुलजार यांसारखे दिग्दर्शक मध्यमवर्गीय घरांच्या गोष्टी सांगू लागले होते. या घरांत महाल आणि झुंबरे नव्हती. पगाराची तारीख, निवृत्तीची धास्ती, मुलीचे स्थळ आणि स्वयंपाकघरातले हेवेदावे होते. अशा घराला एक कर्ता पुरुष लागतो आणि तो पाहताक्षणी पटावा लागतो. ‘गुड्डी’त (१९७१) हंगल चित्रपटाचे वेड लागलेल्या मुलीचे वडील झाले. ‘बावर्ची’त (१९७२) ते ‘शांती निवास’ नावाच्या अशांत घरातले थोरले चिरंजीव रामनाथ होते. कचेरीत राबून आलेला आणि संध्याकाळी दारूत विसावा शोधणारा हा कारकून हंगल यांनी हास्यास्पद होऊ दिला नाही. ‘अभिमान’मध्ये (१९७३) ते नायिकेचे वडील होते. आपल्या संसारातून दुखावून माहेरी परतलेल्या मुलीला सांभाळताना तिच्यापेक्षा त्यांचेच मन अधिक खचले आहे, हे त्यांच्या मौनातून कळते.

‘चितचोर’मध्ये (१९७६) त्यांचा हलका विनोद दिसतो. मुंबईहून येणारा अभियंता हा मुलीसाठी योग्य वर आहे, असे कळल्यावर मुख्याध्यापक पीतांबर चौधरी पाहुणचाराची शर्थ करतात. मात्र आलेला तरुण भलताच निघतो. अमोल पालेकर यांनी रंगवलेल्या त्या तरुणाशी आता कसे वागावे, हा पेच त्यांना पडतो. माया तर लागलेली आहे, पण व्यवहार आडवा येतो. सज्जन माणसाची ही कुचंबणा हंगल यांनी नेमकी पकडली.

एक प्रसंग पुरेसा

चरित्र अभिनेत्याचे मोल त्याला मिळालेल्या वेळेवर ठरत नाही. कथेच्या कोणत्या सांध्यावर तो उभा आहे, यावर ते ठरते. १९७५ या एकाच वर्षात सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या दोन चित्रपटांनी हंगल यांना असे दोन सांधे दिले.

पहिला चित्रपट ‘दीवार’. पोलीस अधिकारी रवी पळून जाणाऱ्या एका मुलावर गोळी झाडतो. मुलाने चोरलेली वस्तू म्हणजे पाव होता, हे नंतर उघड होते. अपराधी भावनेने ग्रासलेला रवी खाण्याचे पदार्थ घेऊन त्या मुलाच्या घरी जातो. मुलाची आई संतापते. बडी माणसे लाखोंची लूट करून मोकळी फिरतात, आणि भुकेल्या मुलावर गोळी, हा तिचा सवाल बिनतोड आहे. तेव्हा निवृत्त शिक्षक असलेला बाप पत्नीला थांबवतो आणि म्हणतो की, चोरी लहान असो वा मोठी, ती चोरीच. ही शिकवण शिक्षकाच्या घरातूनच मिळू शकते, असे उत्तर रवी देतो आणि स्वतःच्या भावाविरुद्धचे प्रकरण हाती घेण्याचा निश्चय करतो.

संपूर्ण चित्रपटाची दिशा या छोट्या प्रसंगावर फिरते. नायक भाऊ गुन्हेगारीतून श्रीमंत झालेला आहे आणि प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्याकडे आहे. कायद्याची बाजू एखाद्या सुखवस्तू माणसाने मांडली असती, तर ती पोकळ वाटली असती. ज्याच्या मुलाला गोळी लागली आहे आणि ज्याच्या घरात अन्न नाही, त्यानेच ती मांडल्यामुळे तिला वजन येते. हंगल हा प्रसंग उपदेशकाच्या आवेशात करीत नाहीत. बोलताना त्या बापाला होणारा त्रास दिसत राहतो. तत्त्व पाळणाऱ्या माणसालाही ते पाळण्याची किंमत मोजावी लागते, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येते.

दुसरा सांधा ‘शोले’तला. इमामाचा मुलगा अहमद, म्हणजे तरुण सचिन पिळगावकर, नोकरीसाठी परगावी निघालेला असताना गब्बरच्या टोळीच्या हाती सापडून मारला जातो. भेदरलेले गावकरी जय आणि वीरू यांना गब्बरच्या हवाली करण्याच्या विचारात असतात. सर्वाधिक गमावलेला माणूस काय म्हणतो, याला अशा वेळी महत्त्व येते. इमाम गावाच्या भित्रेपणाला साथ देत नाही. गावासाठी कुर्बान करण्याकरिता आणखी मुले का दिली नाहीस, असे आज देवाला विचारीन, असे तो म्हणतो आणि नमाजासाठी मशिदीकडे वळतो. यानंतर गावकऱ्यांना माघार घेण्याचे तोंड उरत नाही. थट्टेत टिकून राहिलेला प्रश्न हा या प्रसंगाचा आरंभ होता. त्याचे खरे मर्म पुढच्या उत्तरात होते.

स्वतःच्या आयुष्याजवळच्या भूमिका

सोशिक वडिलांच्या गर्दीत हंगल यांच्या काही भूमिका अशा आहेत की, त्यांच्या आयुष्याची माहिती असलेल्या प्रेक्षकाला त्या वेगळ्या दिसतात.

‘नमक हराम’मध्ये (१९७३) त्यांनी गिरणी कामगारांचा जुना पुढारी बिपिनलाल पांडे रंगवला. मालकाचा उर्मट मुलगा या पुढाऱ्यापुढे माफी मागण्याची वेळ आल्याने डिवचला जातो आणि त्याचा मित्र कामगाराचे सोंग घेऊन संघटनेत शिरतो. आपण उभी केलेली संघटना हातातून जाताना पाहणारा बिपिनलाल आरडाओरडा करीत नाही. त्याची चीड आणि त्याचा संयम यांच्या मागे कामगार चळवळीत प्रत्यक्ष वावरलेल्या माणसाचा अनुभव होता.

एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ हा इप्टाच्या परिवारातूनच जन्मलेला चित्रपट. त्याच्या पटकथेत कैफी आझमी आणि शमा जैदी यांचा हात होता आणि मध्यवर्ती भूमिकेत बलराज साहनी होते. फाळणीनंतर आग्र्यातच राहू पाहणाऱ्या सलीम मिर्झा या पादत्राणांच्या कारखानदाराची ही कथा आहे. मिर्झा कुटुंबाची हवेली पाकिस्तानात गेलेल्या भावाच्या नावावर असल्यामुळे ती निर्वासितांची मालमत्ता ठरते आणि अजमानी नावाच्या सिंधी व्यापाऱ्याला मिळते. हा अजमानी हंगल यांनी साकारला.

कथेच्या सोयीसाठी अजमानी दुष्ट असायला हवा होता. तो तसा नाही. तोही आपले घरदार सोडून आलेला निर्वासित आहे. ज्याचे घर आपल्याला मिळाले, त्या माणसापुढे तो अदबीने वागतो आणि त्याला पडेल ती मदत करतो. कराचीतून विस्थापित होऊन आलेल्या हंगल यांनी सिंधमधून आलेल्या विस्थापिताची भूमिका करावी, यात योगायोगापेक्षा अधिक काही होते. एकाचे घर गेल्याशिवाय दुसऱ्याला घर मिळत नाही, हा फाळणीचा हिशेब त्यांनी एकही मोठे वाक्य न बोलता समजावला. या चित्रपटाचे ध्वनिमुद्रण पूर्ण केल्यानंतर लवकरच, १३ एप्रिल १९७३ रोजी बलराज साहनी यांचे निधन झाले. तणाव निर्माण होईल या भीतीने चित्रपट काही महिने अडकून राहिला आणि पुढे त्याला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बलराज यांचे धाकटे बंधू भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी १९८८ मध्ये दूरदर्शनसाठी मालिका केली. तिच्यात हंगल काँग्रेसचे स्थानिक कार्यकर्ते बख्शीजी झाले. दंगलीचा वणवा पेटत असताना तो विझवण्यासाठी धडपडणारा आणि आपले बळ अपुरे असल्याचे जाणणारा हा माणूस, फाळणीचे ते दिवस अनुभवलेल्या नटाच्या हाती आला होता.

साच्याची दुसरी बाजू

एका साच्यात सातत्याने काम मिळणे हे चरित्र अभिनेत्याचे भाग्य असते आणि बंधनही. हंगल यांना एकाच प्रकारच्या भूमिका इतक्या मिळाल्या की, ते पडद्यावर आले म्हणजे या माणसावर आता संकट कोसळणार, असे प्रेक्षकाला आधीच वाटू लागे. ऐंशीच्या दशकात मारधाडपटांची लाट आली, तेव्हा तर सज्जन वृद्धाचे काम पुष्कळदा एवढेच उरले की, त्याने खलनायकाकडून अपमान सोसावा आणि नायकाला सूडाचे कारण पुरवावे.

बासू चटर्जी यांनी ‘शौकीन’मध्ये (१९८२) हा साचा मोडला. अशोक कुमार, उत्पल दत्त आणि हंगल हे तीन वृद्ध मित्र तारुण्याची हौस भागवण्यासाठी गोव्याला जातात. एका तरुणीवर छाप पाडण्याची त्यांची केविलवाणी चढाओढ हा या विनोदी चित्रपटाचा विषय आहे. हंगल यांनी इंदर सेन उर्फ ‘अँडरसन’ ही भूमिका मनापासून खुलवली. एरवी मुलीच्या लग्नाच्या चिंतेत दिसणारा हा नट येथे मिस्कील, रंगेल आणि थोडा भित्रा होता. त्यांच्यातल्या नटाचा आवाका किती मोठा होता आणि त्यातला किती थोडा भाग चित्रसृष्टीने वापरला, याचा पुरावा म्हणून या भूमिकेकडे पाहता येते.

१९९३ : काम थांबले तेव्हा

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. १२ मार्च १९९३ रोजी शहर साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. त्याच वर्षी हंगल यांनी आपले जन्मस्थान पाहण्यासाठी पाकिस्तानच्या व्हिसाकरिता अर्ज केला होता आणि पाकिस्तानच्या वाणिज्य दूतावासाने पाकिस्तान दिनानिमित्त दिलेल्या निमंत्रणावरून ते त्या समारंभाला गेले. यावरून वादळ उठले. शिवसेनेने त्यांच्यावर बहिष्काराची हाक दिली. त्यांचे चित्रपट रोखले गेले, काही चित्रपटांतील त्यांची दृश्ये वगळण्यात आली आणि सुमारे दोन वर्षे त्यांना काम मिळणे दुरापास्त झाले.

नायकाच्या बाबतीत असा वाद झाला, तर त्याच्यावर गुंतलेले कोट्यवधी रुपये निर्मात्यांना त्याच्या बाजूने उभे राहण्यास भाग पाडतात. चरित्र अभिनेत्याला असे कवच नसते. त्याच्या जागी दुसरा नट घेणे सोपे असते आणि त्याची दृश्ये कापली तरी कथा कशीबशी चालते. पडद्यावर अनेकदा गावाच्या सद्सद्विवेकाची भूमिका करणाऱ्या नटाला या प्रसंगात तसा सद्सद्विवेक आपल्या बाजूने फारसा उभा राहिलेला दिसला नाही. हंगल मात्र आपल्या भूमिकेवरून हटले नाहीत. जन्मगाव पाहावेसे वाटणे हा गुन्हा आहे, हे त्यांना मान्य नव्हते. पुढे वातावरण निवळले आणि काम पुन्हा मिळू लागले.

आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’मध्ये (२००१) ते चंपानेर गावचे शंभू काका झाले. कच्छमधील चित्रीकरणादरम्यान पडून त्यांच्या पाठीला दुखापत झाली, तरीही त्यांनी आपले काम पूर्ण केले. २००५ मध्ये ते ‘पहेली’त दिसले. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. इप्टाशी असलेले नाते त्यांनी शेवटपर्यंत जपले आणि संस्थेचे राष्ट्रीय अध्यक्षपदही भूषवले.

सन्मान आणि औषधाचा खर्च

पद्मभूषण मिळाल्यानंतर पाच वर्षांनी, २०११ च्या आरंभी, हंगल यांच्या आजारपणाच्या आणि आर्थिक ओढगस्तीच्या बातम्या आल्या. औषधोपचाराचा खर्च त्यांना आणि निवृत्तीच्या वयाला आलेल्या त्यांच्या मुलाला झेपत नव्हता. बातम्या प्रसिद्ध झाल्यावर चित्रसृष्टीतून मदत आली. दोनशेहून अधिक चित्रपटांत काम केलेल्या माणसावर ही वेळ का यावी, असा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला.

त्याचे उत्तर चित्रपट व्यवसायाच्या रचनेत आहे. हंगल यांच्या उमेदीच्या काळात चरित्र अभिनेत्याला कामाच्या दिवसांनुसार किंवा ठरावीक रकमेत मोबदला मिळे. चित्रपट रौप्यमहोत्सवी झाला, पुन्हा प्रदर्शित झाला, दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे दाखवला गेला, तरी त्या उत्पन्नाचा वाटा त्याच्यापर्यंत येत नसे. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, आजारपणाची रजा यांपैकी काहीच त्याला लागू नव्हते. प्रकृती साथ देईनाशी झाली की त्याच दिवशी कमाई थांबे. पडद्यावर त्यांनी असंख्य वेळा निवृत्त कारकून किंवा शिक्षक रंगवला. त्या काल्पनिक माणसांना निदान तुटपुंजे निवृत्तिवेतन तरी होते.

या परिस्थितीतही त्यांनी स्वतःला दयेचा विषय होऊ दिले नाही. २०११ मध्येच ते मुंबईतील एका फॅशन प्रदर्शनात चाकांच्या खुर्चीवरून मंचावर आले. २०१२ मध्ये ‘मधुबाला’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी पाहुणा कलाकार म्हणून काम केले. ‘कृष्ण और कंस’ या त्याच वर्षीच्या ॲनिमेशनपटात त्यांनी राजा उग्रसेनाला आवाज दिला. मुलानेच बंदिवान केलेल्या वृद्ध राजाला त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज शोधणे कठीण होते.

ऑगस्ट २०१२ मध्ये घरी पडल्यामुळे त्यांच्या मांडीचे हाड मोडले. उपचार सुरू असतानाच २६ ऑगस्ट रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मागे काय राहिले?

हंगल यांच्या नावावर चित्रपट चालले नाहीत. भित्तिपत्रकांवर त्यांचा चेहरा क्वचितच झळकला. तरीही सत्तरीच्या दशकातले भारतीय घर कसे होते, त्यातला कर्ता पुरुष कशाला भीत असे आणि कशावर अडून बसत असे, हे पुढच्या पिढ्यांना जाणून घ्यायचे असेल, तर त्यांना हंगल यांच्या भूमिकांपाशी यावे लागेल.

त्यांचा सज्जन माणूस खरा वाटण्याचे कारणही येथेच आहे. तत्त्वासाठी तुरुंगात जाणे, गाव सोडणे, काम गमावणे, या गोष्टी त्यांनी प्रत्यक्ष आयुष्यात केल्या होत्या. सचोटी म्हणजे काय, याची किंमत त्यांना माहीत होती. त्यामुळे ‘दीवार’मधला शिक्षक जेव्हा भुकेल्या घरात उभा राहून चोरीला चोरी म्हणतो, तेव्हा ते पटकथेतले वाक्य राहत नाही. ‘शोले’तला इमाम काठी टेकत मशिदीकडे जातो, तेव्हाही त्याची पाठ ताठ असते.